उंबराचं सिंहासन

एका राज्यात एक राजा होता, आणि तो कधी उठत नसे.

आळशी होता म्हणून नव्हे. त्या राज्याची रीतच तशी होती. राजा एकदा सिंहासनावर बसला की बसला. जेवण तिथं, झोप तिथं, न्यायनिवाडा तिथं, आजारपणही तिथंच. सिंहासन सोन्याचं नव्हतं, उंबराचं होतं, आणि तेही कापून आणलेल्या लाकडाचं नव्हे. जमिनीत मुळ्या रोवून उभं असलेलं एक जुनं जाडजूड खोड कुणीतरी कधीतरी मांडीइतक्या उंचीवर तासून त्याची बैठक केली होती. पाठ टेकायला मागचं अर्धं खोड तसंच ठेवलं होतं, आणि मग त्याच्याभोवती सदर बांधली होती. खोड अजून जिवंत होतं. चैत्रात त्याला दोन-चार तांबूस पालव्या फुटत आणि लोक हात जोडून म्हणत, राजा भाग्याचा आहे.

खोडाच्या पाठीवर सहा चेहरे होते. सहा जुन्या राजांचे. इतके हुबेहूब की कपाळावरच्या आठ्यासुद्धा दिसाव्यात. ते कोणत्या सुतारानं कोरले हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नसे. शहाण्या माणसांच्या राज्यात असले प्रश्न कुणाला पडत नाहीत.

आता राजाच उठत नाही म्हटल्यावर बाकीचे कशाला उठतील? प्रधानजी गादीवरून हलत नसत, कारण हलले तर दुसरा कुणी बसेल. सेनापती लढाईलासुद्धा आसनासकट जात. चार भोई त्यांना उचलून न्यायचे आणि लढाई संपली की आणून ठेवायचे. वेशीवरचा जकातदार, शाळेतले पंतोजी, सगळे आपापल्या जागी घट्ट. ‘उठला तो संपला’ ही तिथली म्हण. जो पायी हिंडेल तो हलका आणि ज्याचं धोतर बसून बसून विरलं तो थोर, असा सगळा उफराटा कारभार होता.

अशा राज्यात या राजाला एकच मुलगी. बारशाला मोठ्या आशेनं तिचं नाव ठेवलं स्थिरा, आणि ती निघाली पायाला भिंगरी लावलेली! रांगायला लागली ती थेट दाराबाहेर. सहाव्या वर्षी तिचा बसण्याचा अभ्यास सुरू झाला. एक आसनगुरुजी रोज तिला पाटावर बसवत, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ठेवत आणि सांगत, “सांडायची नाही हं, युवराज्ञी.” वाटी रोज सांडायची. वाटी सांडली की स्थिरा उठायची, आणि गुरुजींना उठता येत नसल्यामुळे ते नुसतेच “अहो, अहो” करत राहायचे.

ती कुठं कुठं जायची! कुंभाराच्या आव्याशी, मेंढरांच्या वाड्याशी, नदीवर, खालच्या गावच्या बांधावर. आणि संध्याकाळी धुळीनं भरलेले पाय घेऊन सिंहासनाच्या खालच्या पायरीवर येऊन बसायची. दरबारी लोक राजाला रोज एकच सांगत, “सर्व कुशल आहे, महाराज.” स्थिरा सांगायची ते वेगळं असायचं.

“आबा, खालच्या गावचा बांध झिरपतोय. मी हात लावून पाहिला. माती भिजून लगदा झालीय.”

राजा प्रधानजींकडे बघायचा. प्रधानजी बसल्या जागी वाकून म्हणायचे, “आज्ञा महाराज, बघून घेतो.” आणि बसूनच राहायचे.

“आबा, तुम्हीच चला ना बघायला.”

“पुढच्या वर्षी जाऊ हं, बाळा.”

ती दोन वर्षांची असताना आबा सिंहासनावर बसले होते. त्यांना उभं राहिलेलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं, किंवा पाहिलं असलं तरी आठवत नव्हतं. चिमणाबाई सांगायची, की त्याआधी राजा तिला खांद्यावर घेऊन नदीवर न्यायचा, गुडघ्यावर बसवून घोडा घोडा करायचा. ही चिमणाबाई म्हणजे गडावरच्या राजवाड्यातली म्हातारी दासी. राजाच्या पायांवर कायम एक जरीचा शेला पसरलेला असे आणि तो उचलायचा अधिकार एकट्या चिमणाबाईचा. दोन्ही वेळा ती तांब्याभर पाणी घेऊन यायची. राजाचे पाय धुते, म्हणायची. धुतलेलं पाणी बाहेर टाकताना मात्र तिला कुणी पाहिलं नव्हतं.

आणि सिंहासनापासून तीन पावलांवर काका उभे असायचे. राजाचे धाकटे भाऊ. राजाच्या भावानं सदरेत बसायचं नाही, अशीही एक रीत होती. गेली चौदा वर्षं काका उभे होते. त्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा तटतटून आल्या होत्या. त्यांची नजर सिंहासनाच्या बैठकीवर असायची, आणि राजाची नजर काकांवर.

स्थिराला सोळावं लागलं आणि राजाचा आवाज खोल जायला लागला. आधी वाक्य ऐकू येईनासं झालं, मग शब्द. प्रधानजींनी दवंडी पिटवली, की येत्या पाडव्याला मांडीबैठक होईल.

मांडीबैठक म्हणजे त्या राज्यातला राज्याभिषेक. सूर्य उगवताना वारसानं जुन्या राजाच्या मांडीवर बसायचं. दिवसभर लोकांचे मुजरे घ्यायचे. रात्री सदरेचे पडदे ओढून घ्यायचे. सकाळी पडदे उघडत तेव्हा जुना राजा नसे. सिंहासनावर नवा राजा असे आणि पाठीवर एक नवा चेहरा. जुने महाराज देवाघरी गेले, असं सांगत. कोणत्या वाटेनं गेले, ते सांगत नसत.

दवंडी ऐकल्यापासून स्थिराचं मन थाऱ्यावर नव्हतं. तिला राज्य हवं होतं, यात खोटं कशाला बोलायचं? बांध दुरुस्त करायचा होता, मेंढरांसाठी कुरण मोकळं करून द्यायचं होतं. आणि आबांच्या मांडीवर बसायचं होतं, याचंही तिला आतून हसू येत होतं. पण आबा देवाघरी जाणार, हेही विसरता येत नव्हतं. एका जागी कसं बसून राहायचं, या विचारानं तळपाय खाजत होते. घास घेऊन ती खोलीभर फिरायची. झोपेतही पाय झाडायची.

पाडव्याला आठ दिवस असताना चिमणाबाई तापानं पडली. संध्याकाळ झाली, तांब्या तसाच राहिला. स्थिरा म्हणाली, “एवढंच ना? आबांचे पाय मी धुते.” सदर रिकामी होती. म्हणजे सगळे आपापल्या जागी बसून डुलक्या घेत होते, काकाही खांबाला टेकून उभ्या उभ्या पेंगत होते. तिनं शेला उचलला.

पाय नव्हते.

गुडघ्याखाली साल होती, करडी, खरबरीत, उंबराला असते तशी. पोटऱ्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, आणि बोटं जिथं असायला हवीत तिथून मुळ्या निघून फरशीच्या फटीतून खाली उतरल्या होत्या. स्थिराच्या हातातलं पाणी सांडलं आणि जमिनीनं ते घटाघटा पिऊन टाकलं. तिनं घाबरून वर पाहिलं. आबांच्या डोक्यामागे, सहा चेहऱ्यांच्या खाली, लाकडाला एक फुगवटा आला होता. त्याला नाक होतं. कपाळ निघत होतं. ते कुठल्याच सुताराचं काम नव्हतं.

“आबा... हे कधी झालं?”

राजा पुटपुटला. तिनं त्याच्या ओठांना कान लावला.

“पहिल्याच रात्री. एक तंतू होता. केसाएवढा. हातानं तुटला असता.”

“मग तोडला का नाही?”

राजानं डोळे काकांकडे वळवले. “मी उठलो असतो तर तो बसला असता. म्हटलं, आजची संध्याकाळ बसू. उद्या बघू.”

“आणि उद्या?”

“उद्या दोन तंतू होते.”

स्थिराला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. “आणि तरी तुम्ही मला इथं बसवणार होतात? माझे पायसुद्धा असेच...”

“तू नाही बसलीस तर तो बसेल,” राजा म्हणाला. चौदा वर्षांत त्याला हे एकच वाक्य येत होतं. आपल्या लेकीकडे बघतानाही त्याचा एक डोळा भावावर होता.

ती तिथून जी धावत सुटली ती चिमणाबाईच्या खाटेपाशी.

“तू चौदा वर्षं माझ्या आबांना पाणी घालत होतीस? झाडाला घालावं तसं?”

म्हातारीनं पांघरुणात तोंड लपवलं. “नाही घातलं तर ते वाळतात, ताईसाहेब. काय करू मी? माझ्या आईनं आधीच्या राजाला घातलं, तिच्या आईनं त्याच्या आधीच्याला.” मग ती म्हणाली, “पण एक गाणं आहे आमच्या घरात. पाणी घालताना म्हणायचं, अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं.

दिवा लागला, राजा उठला,
राजा उठला, गाव निजला.”

“राजा उठला?”

“पहिला राजा रोज उठायचा म्हणे. दिवसभर त्या खोडावर बसून लोकांची भांडणं ऐकायची आणि दिवा लागला की घरी जेवायला जायचं. रात्री त्या खोडावर शेळ्या बसायच्या. कुणाला काही वाटायचं नाही. मग एक राजा असा झाला, की त्याला भावाची भीती वाटली.”

त्या रात्री स्थिरा पळून जायला निघाली. तिला दोष देऊ नका. तुम्हीआम्ही असतो तर याआधीच पळालो असतो. ती गड उतरली, चालत राहिली, आणि उजाडताना खालच्या गावच्या बांधावर पोचली. पलीकडे दुसरं राज्य. बांधाची राखण करणारा म्हातारा तिथं टोपलीनं माती टाकत होता. एकटाच.

“ताई, तुम्ही गादीवर बसणार म्हणे,” तो म्हणाला. “बसलात की आमचा बांध तेवढा बघा. श्रावणातलं पाणी हा सोसणार नाही. खाली तीनशे घरं आहेत.”

तिनं टोपली उचलली. त्याच्याबरोबर चार टोपल्या माती टाकली. मग सीमेकडे बघितलं, गडाकडे बघितलं, आणि परत फिरली. बसायचं, पण पहिल्या राजासारखं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. ठरवणं सोपं असतं.

पाडव्याला सूर्य उगवला आणि तिला आबांच्या मांडीवर बसवलं. सनई वाजली. तिनं मान आबांच्या छातीला टेकवली. गुडघ्यांच्या वर आबा अजून आबाच होते. अंग कोमट होतं. त्यांना चंदनाचा आणि ओल्या सालीचा वास येत होता. त्यांचे हात सिंहासनाच्या हातांना चिकटून लाकूड झाले होते, त्यांना तिला जवळ घेता येत नव्हतं, पण हनुवटी तिच्या केसांना लागत होती. या मांडीची आपण चौदा वर्षं वाट बघत होतो, हे तिला आत्ता कळलं आणि भर दरबारात तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

दिवसभर लोक येत होते, वाकत होते. दुपार टळली. आणि स्थिराच्या लक्षात आलं, की आपले पाय गप्प आहेत. तळव्यांना खाज नाही, कुठं जावंसं वाटत नाही. जन्मात पहिल्यांदा ती निवांत बसली होती. किती बरं वाटत होतं! आणि त्याचीच तिला भीती वाटायला लागली.

दिवेलागण झाली. चिमणाबाई समई घेऊन आली. त्याच वेळी स्थिराच्या घोट्याला काहीतरी गुदगुली करून गेलं. तिनं खाली पाहिलं. फरशीच्या फटीतून एक पांढरा तंतू वर आला होता आणि घोट्याभोवती फिरत होता. केसाएवढा.

तिनं काकांकडे पाहिलं. ते तीन पावलांवर नव्हते. दोन पावलांवर होते. ओठ कोरडे पडलेले, नजर तिच्या मांडीखालच्या जागेवर. मी उठले की हे बसणार, तिला लख्ख कळलं. मग आबांचं शेवटचं डोळे मिटणं यांच्या अंगाखाली होणार. राज्य यांचं होणार. बांध तसाच राहणार. त्यापेक्षा... आजची संध्याकाळ बसू. उद्या बघू.

हे वाक्य आपण कुठं ऐकलंय?

 तिनं उठायला जोर लावला, पण पाय बधिर झाले होते आणि दुसऱ्या घोट्यालाही तंतू लागला होता. तिनं आबांकडे मान वळवून पाहिलं. आणि राजानं, चौदा वर्षांत पहिल्यांदा, भावाकडे बघणं सोडलं. त्यानं लेकीकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी. ओठ हलले, आवाज निघाला नाही. मग त्याचा गुडघा हलला. साल कर्रकन फाटली. घोडा घोडा करताना बाप लेकराला वर उडवतो ना, तसा तो गुडघा एकदा, फक्त एकदा, वर आला.

स्थिरा उठली. घोट्यावरचे तंतू कोवळ्या भेंडीसारखे मोडले.

ती पायरी उतरते न उतरते तोच काका बसलेसुद्धा. मोठ्या भावाच्या मांडीवर, पाठ वाकत चाललेला माणूस, आणि त्यांनी असा सुस्कारा सोडला की सदरेतल्या सगळ्यांना ऐकू गेला. “चौदा वर्षं गं, पोरी,” ते म्हणाले. “पाय फार दुखतात.”

 मग प्रधानजी बसल्या जागी वाकले आणि म्हणाले, “महाराजांचा विजय असो.” बसेल तो राजा, त्यांना तेवढंच माहीत होतं.

“बसा काका,” स्थिरा म्हणाली. “पण दिवा लागलाय. जरा टेकून उठा. एक तंतू येतो, केसाएवढा. हातानं तुटतो. मी शपथेवर सांगते, मी बसणार नाही.”

काका हसले. “मी उठू? आणि तू तिथं उभी?”

पडदे ओढले गेले. सकाळी उघडले तेव्हा पाठीवर सातवा चेहरा होता. स्थिरा त्याच्यापुढे खूप वेळ उभी राहिली. सहा चेहऱ्यांच्या कपाळांवर आठ्या होत्या, सातव्याच्या कपाळावर नव्हत्या. तेवढंच तिला पुरेसं वाटलं. तिनं आसनगुरुजींकडून आपला तो जुना पाट मागून घेतला, काखेत मारला आणि गड उतरली.

खालच्या गावात ती दिवसा टोपल्या उचलायची. लोक आधी हसले, मग लाजले, मग फावडी घेऊन आले. काम थांबलं की ती पाट टाकून बसायची आणि कुणाचं काही गाऱ्हाणं असेल तर ऐकायची. दिवा लागला की उठायची आणि जेवण झाल्यावर घरोघर करतात तसा पाट भिंतीला उभा करून ठेवायची. त्याला राज्य वगैरे कुणी म्हणत नव्हतं.

श्रावणात पाणी आलं. खालच्या गावचा बांध तगला. पण गडाखालच्या राजधानीत नदीवरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडायला कुणीतरी उठायला हवं होतं. प्रधानजी सेनापतींकडे बघत राहिले, सेनापती भोयांकडे, आणि भोई केव्हाच पळून गेले होते. पाणी पेठेत शिरलं, घरात शिरलं, कचेरीत शिरलं. कमरेइतक्या पाण्यात माणसं आपापली आसनं धरून बसली होती, कारण शेजारचाही बसला होता. काही वाहून गेली, तीसुद्धा आसनासकट. जी उरली त्यांतली शहाणी होती ती उठली आणि भिजल्या कपड्यांनी खालच्या गावाची वाट चालायला लागली. तिथून मग हळूहळू सगळी गाऱ्हाणी पाटापुढेच यायला लागली.

दर पौर्णिमेला स्थिरा गडावर जायची. रिकाम्या सदरेत काका एकटे बसलेले असायचे. पाणी घालायला आता चिमणाबाईही नव्हती; खोडाच्या मुळ्याच खोलवरून पाणी आणत होत्या.

“काका, उठा. हात देते.”

“तू बसशील.”

पुढच्या पौर्णिमेला पुन्हा तेच. मूळ करंगळीएवढं झालं, मनगटाएवढं झालं. तिसऱ्या वर्षी एके दिवशी ती पोचली तर काका स्वतःच म्हणाले, “पोरी, हात दे गं. मला उठायचंय.”

तिनं हात धरून ओढलं. काकांनीही जोर लावला. दोघांना घाम फुटला. तिनं कोयता आणून मुळीवर हलकेच घाव घातला, तर काका किंचाळले. मूळ कुठं संपतं आणि पाय कुठं सुरू होतो हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. तिनं कोयता टाकला. ती खालच्या पायरीवर बसली, लहानपणी बसायची तशी, आणि रडली. या माणसानं आपलं राज्य घेतलं होतं, तरी तिला त्याच्यासाठी रडू आलं.

“नदी कशी आहे?” काकांनी विचारलं.

ती सांगत राहिली. नदीचं, मेंढरांचं, नव्या दरवाज्यांचं. सांगता सांगता दिवा लागला, आणि ती उठली.

काही वर्षांनी पाठीवर काकांचा आठवा चेहरा उमटला. त्यानंतर तिथं कुणी बसलं नाही. सदरेचं छप्पर कोसळलं. उंबर मोकळा वाढला, त्याला फळं धरतात, पोपट येतात, आणि खोडापाशी शेळ्या बसतात.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण संपली नाही.

वर्षं गेली. स्थिराचे केस पिकले. सगळं राज्य आता तिला राणी म्हणायचं आणि ती अजून त्याच पाटावर बसून निवाडे करायची. तिची लेक सोळा वर्षांची झाली होती. तीही आईसारखीच, पायाला भिंगरी लावलेली. एका संध्याकाळी निवाडा चालू असताना लेक बाहेरून आली, चिखलानं भरलेले पाय घेऊन. तिनं वरच्या गावाला नवा बांध घातला होता, आणि पहिल्याच पाण्यात तो टिकला होता. जमलेली माणसं भराभर उठली आणि तिच्याभोवती गोळा झाली. कुणी पाठ थोपटत होतं, कुणी तिलाच आपलं गाऱ्हाणं सांगायला लागलं. निवाडा अर्धाच राहिला. राणीकडे कुणी बघत नव्हतं.

भिंतीतल्या कोनाड्यात दिवा लागला.

राणी रोजच्यासारखी उठणार होती. पण तिला वाटलं, आत्ताच कशाला? आज जरा बसू. यांना कळू दे, पाटावर कोण आहे ते.

तिच्या घोट्याला गुदगुली झाली.

तिनं खाली पाहिलं. पाट तर साध्या लाकडाचा होता. कापून, रंधून, वाळवून त्याला चाळीस वर्षं झाली होती. त्याच्या कडेतून एक पांढरा तंतू निघाला होता आणि तिच्या पायाशी चाचपडत होता. केसाएवढा.

राणी पांढरी पडली. म्हणजे ते मूळ त्या उंबराचं कधी नव्हतंच तर! मग ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिनं दोन बोटांनी तो तंतू चुटकन तोडला.

“अगं,” तिनं गर्दीतून लेकीला हाक मारली, “इकडे ये. हात दे मला, पायाला मुंग्या आल्यात. आणि हा पाट भिंतीला उभा करून ठेव. उद्या सकाळी तूच टाक.”

तात्पर्य: बसायला मिळालं तर खुशाल बसावं, पण दिवा लागला की उठता आलं पाहिजे. दुसरा बसेल या भीतीनं जो उठत नाही, त्याच्या पायाला मूळ फुटतं, मग सिंहासन असो की पाट. आणि एखाद्या संध्याकाळी आपल्यालाही ‘आज जरा बसू’ असं वाटलं, तर आधी आपल्या घोट्याकडे बघावं. तंतू केसाएवढा असतो तोवरच हातानं तुटतो.